पुरावाकाकांच्या घरचा निबंध

दोन वर्षं मी एका माणसासमोर बसून रोज मोठ्याने वाचत होते. त्या माणसाला मी वाचलेलं जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. मला ते कळलं नाही. कळलं ते त्यांच्या मुलीच्या निबंधामुळे, आणि तेही तो निबंध लिहून व्हायच्या आधी.

आधी आमचं काम सांगते. औषधाच्या खोक्यात घडी घालून एक कागद ठेवलेला असतो, बारीक अक्षरांचा. लोक तो उघडतात, पुन्हा तशीच घडी घालायला जातात, जमत नाही, मग फेकून देतात. ते कागद छापण्याआधी आमच्या कार्यालयात तपासले जातात. दोघांनी मिळून तपासायचे असतात. एकजण मूळ प्रत मोठ्याने वाचतो, दुसरा प्रूफवर नजर ठेवून ऐकतो. वाचणाऱ्याने सगळं वाचायचं. स्वल्पविराम, कंस सुरू, कंस पूर्ण, नवा परिच्छेद. एकट्या माणसाचा डोळा त्याला हवं ते वाचतो, म्हणून दोघं. हा नियम आमच्याकडे कुणी मोडत नाही. गोळी दिवसातून एकदा घ्यायची की दोनदा, ते त्या कागदावर लिहिलेलं असतं.

वाचणारी मी. साहित्यात एम. ए. करून दुसरं काही मिळालं नाही म्हणून आलेली. ऐकणारे काका.

काकांना सगळे पुरावाकाका म्हणायचे, तोंडावरसुद्धा. कंपनीकडून आलेल्या मजकुरात ‘त्वरित आराम देते’ असं काही दिसलं की काका समासात पेन्सिलीने लिहायचे, ‘पुरावा?’ आणि कागद परत पाठवायचे. ही सवय कागदापुरती राहिली नव्हती. कॅन्टीनमध्ये कुणी म्हणालं, आज चहा बरा झालाय, की काका विचारायचे, पुरावा? एकदा हिशेब खात्यातला एकजण सांगत होता की त्याची सासू त्याला मुलासारखं मानते. काकांनी नुसती कानावरची पेन्सिल काढली. सगळं टेबल हसलं. तो हिशेबवालाही हसला.

मला काका आवडले, कारण मी कविता करते हे कळल्यावर त्यांनी पुरावा मागितला नाही. म्हणाले, “करत जा. इथे करू नकोस.” पहिल्याच दिवशी त्यांनी टेबलावरचा दिवा माझ्या बाजूला सरकवला. “तुला नीट दिसू दे.” उजेड कागदावर कमी आणि माझ्या तोंडावर जास्त पडायचा. मी दिवा खाली वाकवायचे, ते पुन्हा वर करायचे. त्यांची प्रूफं एका उभ्या फळीवर लावलेली असायची, माझ्या चेहऱ्याच्या उंचीला. मान धरते, म्हणायचे. मला वाटायचं, वय झालंय.

वयाचा तीस वर्षांचा फरक असून आम्ही मित्र होतो. चहा बरोबर, बसथांब्यापर्यंत चालणं बरोबर. चालताना ते कधी बोलायचे नाहीत. थांब्यावर समोरासमोर उभं राहिलं की बोलायला लागायचे. मला ती त्यांची शिस्त वाटायची.

काकांची मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. घरात तिला ठकी म्हणतात, सतरा वर्षांची झाली तरी. तिला एकाच कॉलेजात जायचं होतं. तिथे कानांविषयी शिकवतात. ऐकू किती येतं ते कसं तपासायचं, यंत्र कसं बसवायचं, कमी ऐकू येणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं. जागा थोड्या. गुणांबरोबर एक निबंधही मागतात. स्वतःविषयी लिहा, आणि हाच विषय का, ते लिहा. निबंध पटला तर मुलाखतीला बोलावतात. नाही पटला तर गुण कितीही असोत, बोलावत नाहीत.

“काय हो साहित्यिक,” काका एकदा म्हणाले, “रविवारी घरी या. मुलीला चार ओळी लिहायला मदत करा. मी आहेच तपासायला.”

घर तिसऱ्या मजल्यावर. मी बेल दाबली तर दाराच्या वरच्या काचेतून आत लाल उजेड लागलेला दिसला. दार काकूंनी उघडलं. काकू हार्डवेअरच्या दुकानात काउंटर सांभाळतात. कुठला स्क्रू कुठल्या भिंतीत बसेल हे त्या गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून सांगतात असं काका म्हणायचे.

“दिव्याची बेल का?” मी विचारलं.

“नवीन निघालीय,” काकू म्हणाल्या. “दुकानात पडून होती.”

ठकीने मसुदा समोर ठेवला. पहिलं वाक्य होतं, ‘लहानपणापासूनच मला समाजसेवेची प्रचंड आवड आहे.’ काकांनी ‘लहानपणापासूनच’च्या बाजूला लिहिलं, ‘कधीपासून?’ ‘प्रचंड’वर काट मारली. ‘समाजसेवा’च्या बाजूला लिहिलं, ‘पुरावा?’

“शेजारच्या आजोबांना मी रस्ता ओलांडायला मदत करायचे,” ठकी म्हणाली.

“ते आजोबाच तुला ओलांडून न्यायचे,” काकू आतून म्हणाल्या. “तू चार वर्षांची होतीस.”

“आई, तू कुणाच्या बाजूने आहेस?”

“मी स्वयंपाकाच्या बाजूने आहे. टेबल मोकळं करा.”

दुपार उतरेपर्यंत काकांनी निबंधातली पुराव्याविना असलेली सगळी वाक्यं काढली होती. उरलं ते असं होतं. अर्जदार सतरा वर्षांची आहे. तिने विज्ञान विषयात चांगले गुण मिळवले आहेत. तिला श्रवणशास्त्रात रस असल्याचे दिसून आले आहे.

काकूंनी ते उभ्या उभ्या वाचलं. “लहान मुलांपासून दूर ठेवावी, एवढंच लिहायचं राहिलंय,” म्हणाल्या.

पुढच्या खेपेला मी सुरुवात लिहून नेली. ‘शांतता ही एक भाषा आहे, आणि मी तिची विद्यार्थिनी आहे.’ मला ती फार आवडली होती. ठकीनेही वाचली. “ताई, छान आहे गं.”

“आवडलं ना?”

“हो. म्हणजे काय ते सांग.”

मला सांगता येईना. काकांनी पेन्सिल हातात घेतली, मग खाली ठेवली. “याला पुरावा मागताच येत नाही,” ते म्हणाले. “कुठे धरायचं तेच कळत नाही.”

शेवटी थोडं माझं, थोडं काकांचं, थोडं ठकीचं असं एक तयार झालं. ठकीने ते वर्गशिक्षिकेला दाखवलं. बाईंनी शांतपणे वाचून परत दिलं. म्हणाल्या, “ते विचारतील, कानच का? डोळे का नाहीत? दात का नाहीत? याचं उत्तर यात कुठेच नाही. हे कुणीही लिहिलं असतं.” अर्जाची मुदत पुढच्या आठवड्यात संपत होती.

म्हणून मी एका संध्याकाळी कार्यालयातून थेट त्यांच्या घरी गेले. काका वाटेत दुकानात थांबले होते. मी ठकीला समोर बसवून विचारलं, “हे पहिल्यांदा कधी वाटलं तुला? कान म्हणून?”

“असंच.”

“असंच कसं? काहीतरी झालं असेल.”

“ताई, असंच म्हणजे असंच.”

तिने काकूंकडे बघितलं. काकूंनी नळ मोठा सोडला.

मला वाटलं, आईसमोर लाजत असेल. मी तिला जिन्यात नेलं. आम्ही पायरीवर बसलो. ती नखाने कठड्याचा रंग खरवडत राहिली.

“सांग आता.”

“तुला नाही सांगता येत, ताई.”

“मी काय केलं?”

“तू काही नाही केलंस. तू रोज बाबांसमोर बसून वाचतेस ना, म्हणून. दुसरं कुणी असतं तर कधीच सांगितलं असतं.”

मी त्या वाक्यावर घरी जाईपर्यंत विचार केला. मला एवढंच समजलं की तिला मी नकोय. दुसऱ्या दिवशी काकांना तसं सांगितलं. काका चिडले. त्यांना चिडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

“तू सुट्टीच्या दिवशी येतेस, आणि ती असं बोलते? आज चल. तुझ्यासमोर विचारतो.”

“नको काका, जाऊ दे.”

“जाऊ दे काय? चल.”

त्या संध्याकाळी आम्ही चौघं टेबलाशी बसलो. काका नेहमीच्या जागी, दाराकडे तोंड करून. ठकी समोर. वरचा दिवा लख्ख होता. समोर कोरा कागद.

“ठके, ताईसमोर बोलायला काय अडचण आहे तुला?”

“काही नाही.”

“मग सांग. हाच विषय का? नुसतं वाटलं म्हणू नकोस. स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिलंस ते सांग.”

“बाबा, राहू दे ना.”

“अहो, जेवून घ्या आधी,” काकू म्हणाल्या.

“जेवण पळून जात नाही. मुदत जाईल. सांग, ठके.”

ठकीने मान खाली घातली. कागदाकडे बघत ती काहीतरी म्हणाली. हळू नाही, नेहमीच्या आवाजात. मला स्वच्छ ऐकू आलं. ती म्हणाली, “लाइट गेली की तुम्ही बोलणं बंद करता.”

“वर बघून बोल,” काका म्हणाले.

“का?”

ते काही बोलले नाहीत. तिची मान अजून खालीच होती.

“वर बघ म्हटलं ना.”

मग तिने मान वर केली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही. “का वर बघू, बाबा?”

फ्रिजची घरघर ऐकू येत होती. मला, काकूंना, ठकीला. तेव्हा हे वाक्य माझ्या मनात आलं नव्हतं. आत्ता लिहिताना आलं.

ठकी सांगत गेली. आता ती त्यांच्याकडे बघून, एकेक शब्द सुटा करून बोलत होती, आणि ते ती पहिल्यांदा करत नव्हती हे दिसत होतं. “लाइट गेली की तुम्ही गप्प बसता. आम्हाला आधी वाटायचं तुम्हाला अंधार आवडत नाही. मी मागच्या खोलीतून हाक मारली तर तुम्ही येत नाही. समोर येऊन नुसते ओठ हलवले तरी उत्तर देता. मी करून बघितलंय, आवाज न काढता. माफ करा. आई तुम्हाला हाक मारतच नाही, खांद्याला हात लावते. टीव्हीवर तुम्ही फक्त खाली अक्षरं येतात ते बघता. आणि ती बेल दुकानात पडून नव्हती. आईने मागवली.”

“तू गप्प बस,” काकू म्हणाल्या. “मी कधी काही बोलले का?”

“नाही बोललीस. कुणीच नाही बोललं.”

काकांनी काकूंकडे बघितलं. “तुला माहीत होतं?”

“बावीस वर्षं झाली लग्नाला,” काकू म्हणाल्या. “मला काय दिसत नाही?”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही बोलला नाहीत म्हणून.”

मी दिव्याचा विचार करत होते. माझ्या तोंडावर पडणाऱ्या त्या टेबलदिव्याचा. उभ्या फळीचा. बसथांब्याचा. दोन वर्षं मी कंस सुरू, कंस पूर्ण म्हणत होते. माझ्या घशाला संध्याकाळपर्यंत कोरड पडायची.

“काका,” मी म्हणाले. मग थांबले, आणि ते बघतायत ना ते पाहून पुन्हा म्हणाले, “मी वाचते ते?”

“मी सकाळी लवकर येतो,” ते म्हणाले. “मूळ प्रत आणि प्रूफ, दोन्ही आधी लावून वाचतो. दोनदा. तू वाचतेस तेव्हा तू कुठल्या ओळीवर आहेस ते मला तुझ्या ओठांवरून कळतं. थोडं ऐकूही येतं. जाड आवाज येतात. तुझा बारीक आहे.”

म्हणजे मी वाचत असताना ते तपासत नव्हते. तपासून बसलेले असायचे. एकट्याने. ज्या एकट्या डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही म्हणून आमच्याकडे दोघं बसवतात, तोच एक डोळा होता.

“आणि माझ्या हातून आजवर एकही चूक गेलेली नाही,” ते म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले.

“पुरावा?” ठकी म्हणाली.

तिने टोमणा मारला नव्हता. त्यांच्याच सुरात, साधं विचारलं होतं. सुटलेली चूक सुटली म्हणूनच ठाऊक नसते, हे त्यांनीच मला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं.

काकूंनी भांडी मांडायला घेतली. मांडता मांडता थांबल्या. “हे लिहायचं नाही,” त्या म्हणाल्या. “कॉलेज पुढच्या वर्षीही असतं. ह्यांचं काम गेलं तर ते या वयात पुन्हा कोण देणार? ठके, ऐकतेस ना?”

“मी लिहितच नव्हते ना, आई. म्हणून तर अडलं होतं.”

“मी कुणाला सांगणार नाही,” मी म्हणाले. ते मी मनापासून म्हणाले होते.

काका माझ्याकडे वळले. “मग उद्या पुन्हा समोर बसून वाचशील? मी मान हलवीन आणि तू पान उलटशील? जमेल?”

मी विचार केला. “नाही,” म्हणाले.

“झालं तर.” त्यांनी कागद ठकीपुढे सरकवला. “तू लिही. कार्यालयाचं मी बघतो. तुझा अर्ज जायच्या आधी मी साहेबांना सांगून येईन.”

“साहेब काय तिचा निबंध वाचणार आहेत?” काकूंनी विचारलं. त्या रागावल्या होत्या, पण भांडी मांडायचं काम थांबलं नव्हतं.

“साहेब नाही वाचणार. मी वाचणार आहे. तो वाचून मी कुठल्या तोंडाने खुर्चीवर बसू?”

दुसऱ्या दिवशी ते साहेबांच्या खोलीत गेले. मला बरोबर घेतलं. साक्षीदार म्हणून, म्हणाले. साहेब पेपरमिंट चघळत होते. काकांनी उभ्यानेच सांगितलं, तीन-चार वाक्यांत. साहेबांनी पेपरमिंट गिळली आणि एकदम मोठ्याने, एकेका अक्षरावर जोर देत विचारलं, “किती दिवसांपासून?” बाहेरच्या टेबलांवर माना वर झाल्या.

“ओरडू नका, साहेब. नुसतं माझ्याकडे बघून बोला.”

साहेब ओशाळले. “किती दिवसांपासून?”

“तीनएक वर्षं. मागची दोन जास्त.”

“आणि तुम्ही तपासलं म्हणून सही करत होतात.”

“हो.”

साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांना काय करावं ते कळत नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?”

“मला जोडीच्या वाचनातून काढलं असतं,” काका म्हणाले. “आणि माझ्या सहीचं सगळं पुन्हा वाचायला लावलं असतं.”

साहेबांनी तेच केलं. काकांना आतल्या खोलीत आकड्यांचे तक्ते जुळवायला बसवलं. ते काम एकट्याने यंत्रावर करायचं असतं. त्यांच्या सहीचे कागद माझ्याकडे आणि नव्या आलेल्या एका मुलीकडे दिले. आता मी ऐकते, ती वाचते. भरभर वाचते. तिला मी दर दोन ओळींना थांबवते.

जोडीच्या वाचनाला वेगळा भत्ता असतो, तो काकांचा गेला. काकू त्यावर घरात काही बोलल्या नाहीत. मला मात्र दुकानात गाठून म्हणाल्या, “तुझ्यावर राग नाही माझा. कुणावर तरी काढायचा होता, तू सापडलीस.” आणि खिळ्यांची पिशवी दुसऱ्या गिऱ्हाइकापुढे आपटली.

ठकीने निबंध त्याच रविवारी लिहिला. आम्हाला विचारलं नाही. दुपारी दार लावून बसली, चहाच्या वेळेला बाहेर आली. तिने दिला तो असा सुरू होत होता:

‘आमच्या घरी लाइट गेली की माझे बाबा बोलत नाहीत. मी दहावीस वेळा हे पाहिलं आणि मग एकदा मेणबत्ती माझ्या चेहऱ्याजवळ धरून त्यांना विचारलं, जेवलात का. ते लगेच हो म्हणाले. त्या दिवशी मला कळलं की ते माझे ओठ वाचतात. मी कुणाला सांगितलं नाही. आईलाही कळलं होतं, तिनेही सांगितलं नाही. माझे बाबा दाढी करताना गायचे. आता गात नाहीत. घरात तीन माणसं एकमेकांना सांभाळत होती आणि त्यासाठी तिघंही गप्प होती. मला कानांविषयी शिकायचं आहे, कारण ऐकू न येणं बाबांनी जमवून घेतलं होतं. ते सांगणं त्यांना जमत नव्हतं. असं का होतं, ते मला समजून घ्यायचं आहे.’

पुढे तिने त्यांचं काम लिहिलं होतं. मीही होते त्यात, नाव न घेता, ‘त्यांच्यासमोर वाचणारी त्यांची मैत्रीण’ म्हणून. शेवटी एक परिच्छेद होता, जगातल्या प्रत्येक कानापर्यंत मी पोहोचेन वगैरे. मी म्हणाले, “हा काढ. हा माझ्यासारखा झालाय.” तिने काढला. माझी मदत ती एवढीच.

काका बराच वेळ वाचत होते. पेन्सिल कानावर होती. शेवटी त्यांनी दाढीच्या ओळीवर बोट ठेवलं.

“हे काढ.”

“खोटं आहे?” ठकीने विचारलं.

“नाही.”

“मग?”

“बरं नाही वाटत. परक्या माणसांनी वाचायचं.”

“बाबा, हे काढलं तर बाकीचं सगळं तपासणीच्या रिपोर्टसारखं वाटतं.”

काकू दारात उभ्या होत्या. “काय लिहिलंय तिने?” त्यांनी विचारलं. ठकीने ओळ वाचून दाखवली. काकू म्हणाल्या, “खरं आहे. सकाळी बरं वाटायचं ते.”

“काहीतरीच काय,” काका म्हणाले. “बेसूर गायचो मी.”

“मग बेसूर लिहू?” ठकी म्हणाली.

“लिही. निदान खरं तरी होईल.”

तिने ‘बेसूर’ हा शब्द घातला. साऱ्या निबंधात काकांचा असा तो एकच शब्द. अर्ज गेला.

मधल्या दिवसांत कार्यालयात माणसं दोन प्रकारची झाली. काही काकांशी मोठ्याने बोलायला लागली. काही बोलेनाशी झाली. हिशेबवाला एका कागदावर लिहून विचारायला लागला, ‘चहा घेणार?’ काकांनी खाली लिहिलं, ‘मी वाचतो तसा बोलतोही,’ आणि कागद त्याला परत दिला. पण पूर्वीसारखं टेबल हसलं नाही. काका कॅन्टीनमध्ये भिंतीकडच्या खुर्चीवर बसायला लागले. तिथून सगळ्यांची तोंडं दिसतात. कुणी काही म्हणालं की ते मान हलवायचे आणि बारीक हसायचे. त्यातलं किती त्यांना कळत होतं हे मला आता दिसायला लागलं होतं. फार थोडं.

फेरवाचनात एक चूक सापडली. एका पोटाच्या औषधावर ‘थंड व कोरड्या जागी ठेवावे’ ही ओळ दोनदा छापली होती. त्याने कुणाचं काही बिघडलं नसतं. काका आतल्या खोलीतून उठून आले. त्यांना तो कागद बघायचा होता. ते उभे राहून बघत राहिले. मी म्हणाले, “काका, ही काही मोठी चूक नाही.”

“ही नाही,” ते म्हणाले. “पण हिच्यासारखी दुसरी असू शकते हे आता पक्कं झालं.” आणि आत गेले. फेरवाचन अजून चालू आहे.

ठकीला मुलाखतीला बोलावणं आलं. तिथे तिघांनी निबंध समोर ठेवून प्रश्न विचारले. एका बाईंनी विचारलं, वडिलांनी कान तपासून घेतले का? ठकीने सांगितलं, नाही. का नाही? मला माहीत नाही, मी विचारलेलं नाही, आमच्याकडे अजून सगळं विचारायची सवय झालेली नाही. घरी येऊन तिने हे जसंच्या तसं सांगितलं.

“असं सांगतात का मुलाखतीत?” काकू म्हणाल्या. “त्यांना वाटेल, घरचं नाही जमत आणि गावाचं करायला निघाली.”

“विचारलं त्यांनी.”

“सगळं विचारलेलं सांगायचं नसतं.”

“तेच तर करत होतो ना आपण, आई.”

काका मान खाली घालून बूट पुसत होते. त्यांना यातलं काही कळलं नसावं. किंवा कळलं असेल.

प्रवेशाचा निकाल लागला त्या दिवशी मी आणि काका कॅन्टीनमध्ये होतो. जेवणाची वेळ. ताटांचा, खुर्च्यांचा आवाज, त्यात मागच्या टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस. माझा फोन वाजला. ठकी होती. ती एका दमात बोलत होती, रडतही होती. “ताई, बाबांना तू सांग. फोनवर त्यांना... तू समोर आहेस ना? तूच सांग.”

मी फोन ठेवला. काका ताटातलं संपवत होते. मी त्यांच्याकडे बघून म्हणाले, “काका, झालं तिचं.” मी हसत होते आणि रडायच्या बेतात होते. माझं तोंड वेडंवाकडं झालं असणार. त्यावरून काही वाचता येण्यासारखं नव्हतं.

काकांनी मान हलवली. बारीक हसले. पाण्याचा पेला उचलला.

पेला अर्ध्यावर थांबला. त्यांनी तो खाली ठेवला. शेजारी हिशेबवाला होता, पलीकडे नवी मुलगी होती, मागे वाढदिवसवाले. काका सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलले. स्वतःचा आवाज किती मोठा होतोय याचा अंदाज त्यांना नव्हता.

“मला ऐकू आलं नाही,” ते म्हणाले. “पुन्हा सांग.”

मी डोळे पुसले, त्यांच्याकडे तोंड केलं, आणि एकेक शब्द सुटा करून पुन्हा सांगितलं.